कॅमेऱ्यासमोरचं बोलणं धरू नये

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि या वाचनालयाचा कारभार पंचवीस वर्षं सांभाळणारे आदरणीय डॉक्टर सुनील दामले साहेब. मुंबईहून वीर स्टेशनपर्यंत रेल्वेनं आणि तिथून पुढे रिक्षानं, म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत सुखानं आलेल्या प्रमुख पाहुण्या, चित्रपट-समीक्षक माधुरीताई खरे. 'आजचा विषय' या आपल्या चित्रपटाची लेखिका, दिग्दर्शिका आणि आमच्या उंबरकोंडची नात दिशा. व्यासपीठावर शाली सांभाळत बसलेले माझे सहकलाकार. समोर बसलेले महाडकर रसिक. आणि चौथ्या-पाचव्या रांगेत एकमेकांना चिकटून बसलेले माझे गावकरी, ज्यांना या सभागृहातल्या पंख्यांचं माझ्या भाषणापेक्षा जास्त कौतुक आहे, त्या सर्वांना मुरारी सकपाळचा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कलाकारांच्या वतीने मनोगत' असं छापलंय आणि कंसात आठ मिनिटं लिहिलीयत. आता बघा, माणूस तीस वर्षं बिरवाडीच्या अलीकडे एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून काढतो, तिथल्या आवाजात निम्मं बोलणं हातवाऱ्यांनी करतो, आणि निवृत्त झाल्यावर दीड वर्षात त्याला संवादप्रधान चित्रपटात अभिनयाचं बक्षीस मिळतं. याला काय म्हणावं? आमचे गावकीचे अध्यक्ष रावजीअण्णा म्हणाले, "पेन्शनीत माणूस काय करील सांगता येत नाय." ते माझं कौतुक होतं, असं मी धरून चाललोय.

चित्रपट आपण सगळ्यांनी सकाळी पाहिलात. ज्यांना डुलकी लागली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोंगरावरची एक वाडी आहे. देवळाचा सभामंडप, त्यात अंथरलेलं जाजम, आणि त्यावर गावकीच्या बैठकीला बसलेली नऊ माणसं. झऱ्याचं पाणी पाइपानं वाडीत आणायचंय. पाइप आधी वरच्या आळीतून न्यायचा की खालच्या, एवढाच प्रश्न. एक तास बावन्न मिनिटं ही नऊ माणसं नुसती बोलतात. गाणं नाही, मारामारी नाही, कुणी दरीत पडत नाही. वाडीत पहिल्यांदा चादर बांधून चित्रपट दाखवला तेव्हा निम्म्या लोकांनी मध्येच विचारलं, "ह्यात पिक्चर कुठं हाय? ही तर आपली बैठक हाय."

आणि तीच तर गंमत आहे, नाही का? माधुरीताईंनी त्यांच्या लेखात लिहिलंय की इतक्या वर्षांत मराठी पडद्यावर माणसं इतकी खरी बोलताना त्यांनी पाहिली नव्हती. मला चित्रपटातलं काही कळत नाही, पण बैठकीतलं कळतं, कारण तिचा सचिव मी बावीस वर्षं आहे. म्हणून बोलायचं धाडस करतो. रावजीअण्णांनी या चित्रपटात "बरं, मग?" हे दोन शब्द एकोणीस वेळा म्हटलेत. मी मोजलेत. पहिल्यांदा त्याचा अर्थ 'बोला' असा होतो, मधे 'पुरे' असा होतो, आणि शेवटी शेवटी 'तुला बघून घेतो' असा होतो. आवाज कुठंही चढत नाही. मुंबईहून आलेले दोघे नाटकवाले कलाकार आहेत, त्यातल्या एकानं मुंबई मंडळाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाचा, प्रतिनिधी केलाय. तो दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून "मॅटर क्लोज करा ना यार" म्हणतो. त्याला आमच्या मुंबईकरांनी उभं राहून टाळ्या दिल्या. आपल्याला हसतायत हे त्यांना अजून कळलेलं नाही. आणि दिशाची आजी, आमच्या चिमाबाई, ज्यांनी उभ्या जन्मात एकही नाटक पाहिलं नाही, त्या नुसत्या विडीचं बंडल उलटंसुलटं करत बसतात आणि बघणाऱ्याची नजर त्यांच्यावरून हलत नाही. यात मुख्य नट कोण? कुणीच नाही. एकानं शब्द टाकायचा, दुसऱ्यानं उचलायचा, तिसऱ्यानं वाकवायचा. कीर्तनात टाळकरी जमावेत तशी ही मंडळी जमून गेलीत.

माधुरीताईंनी आणखी एक निरीक्षण केलंय. त्या लिहितात की या नऊ जणांत जी एक विधवा बाई आहे, जी वरच्या आळीतून पाइप न्यायला विरोध करते, तिच्याकडे कुणीही थेट बघत नाही, तिच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक जण तिच्या शेजाऱ्याला देतो, आणि ही 'दिग्दर्शिकेची विलक्षण योजना' आहे. ताई, आपण तज्ज्ञ आहात. पण दिशासमोर सांगतो, या बाबतीत दिशानं काहीही केलेलं नाही. त्या बाईकडे न बघण्याची तालीम आमच्या वाडीनं वर्षानुवर्षं केली होती.

ती भूमिका केलीय श्रीमती रंगूबाई रामजी सकपाळ यांनी. व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीत बसल्यात. माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. माझ्या वहिनी.

आता अध्यक्ष महोदय, सत्काराच्या भाषणात घरच्या गोष्टी काढू नयेत हे मला कळतं. पण चित्रपटच घरचा निघाला, त्याला मी काय करू? दिशानं पटकथा लिहिली ती आजीकडून ऐकलेल्या हकिगतीवरून. हकीगत अकरा वर्षांपूर्वीची. आमच्याकडे गावकीच्या बैठकीला घरटी एक माणूस बसतो. रामजीदादा गेल्यावर थोरल्या घरातून वहिनी येऊ लागल्या. कुणाची हरकत नव्हती. बाईनं खांबाशी बसावं, ऐकावं, घरी जावं, असा आपला साधा रिवाज. त्या दिवशी पाइपाचा विषय निघाला. वरच्या आळीत आधी न्यायचं ठरलं. माझं नवं घर वरच्या आळीत आहे, हा योगायोग आपण लक्षात घेऊ नये. वहिनी म्हणाल्या, वैशाखात झरा बारीक होतो, वरच्यांचे हंडे भरेपर्यंत खाली थेंब येणार नाही. मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. आणि मी वहीत लिहिलं: ठराव सर्वानुमते मंजूर.

मग मी ते रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. आणि वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांचे शब्द चित्रपटात जसेच्या तसे आहेत. "सर्वानुमते नाय. मी नाय म्हटलंय. माझं नाय लिव." वही द्या, मी सही करते, असंही म्हणाल्या. वहिनींना लिहिता येत नाही, पण सही येते. ती मी शिकवली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि माझ्या पाटीवर 'रंगू' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा गिरवला की गुरुजींनी मला विचारलं होतं, ही रंगू कोण रे? तर त्या बाईनं माझ्याकडे वही मागितली. मी काय केलं? पेनाला टोपण लावलं आणि खिशाला अडकवलं.

पुढचं सरळ होतं. गावकीची वही खोटी म्हटली, म्हणजे गावकीचा अपमान. आमचा रिवाज असा की चुकलेल्या माणसानं नारळ आणायचा, जाजमावर ठेवायचा, 'चुकलं' म्हणायचं. एवढं केलं की दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. वहिनी म्हणाल्या, चुकलं नाही तर नारळ कशाचा? झालं. त्यांच्याशी बोलणं बंद. आणि जो बोलेल त्याचंही बंद.

इथे कुणी वकील मंडळी बसली असतील तर गैरसमज नसावा. पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आला, तेव्हा आम्ही ताबडतोब बैठक घेतली आणि आमच्या वाडीत कुणालाही वाळीत टाकलेलं नाही, असा ठराव केला. सर्वानुमते. अक्षर माझंच. बोलणं बंद म्हणजे काही वाळीत टाकणं नव्हे. रेशन मिळत होतं, देवळात जाता येत होतं. फक्त कुणी बोलत नव्हतं. आणि अगदीच अडलं तर त्यांची म्हैस होती. म्हशीशी बोलायला ठरावाची आडकाठी नव्हती. उद्या लाइट जाणार आहे गो म्हशी, पोलादपूरला लसवाले आलेत गो म्हशी, असं अंगणातून सांगायचं आणि वहिनींनी ओटीवर ऐकायचं. ती म्हैस गेली त्या वर्षी वहिनींना गावातली एकही बातमी कळली नाही.

पाण्याचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्या म्हणाल्या होत्या तसंच झालं. वैशाखात खालच्या आळीचे नळ कोरडे पडतात आणि वहिनी जुन्या विहिरीवर जातात. माझ्या अंगणातून ती वाट दिसते. हे सभागृह चवदार तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. इथे उभं राहून पाण्याबद्दल आणखी काही बोलायची माझी लायकी नाही, म्हणून पुढे जातो.

तर दिशा आली. चित्रपट वाडीतच करणार, माणसं वाडीतली घेणार. मुंबई मंडळ खूश, ग्रामस्थ मंडळ खूश. पटकथा ऐकून रावजीअण्णा म्हणाले, "आपलीच गोष्ट हाय, पण नावं बदललीत ना? मग काय नाय." मी सचिवाच्या भूमिकेत, रावजीअण्णा अध्यक्षाच्या. आपलीच कामं आपणच करायची, त्यात अवघड ते काय? मग कळलं की वहिनींची भूमिका वहिनीच करणार आहेत. पोरीनं आम्हाला न विचारता थेट त्यांच्या घरी जाऊन होकार आणला होता.

पेच पडला. संवादप्रधान चित्रपट आहे म्हटल्यावर बोलावं तर लागणार. आणि बोललं की बोलणाऱ्याचंही बोलणं बंद, म्हणजे पहिल्याच दृश्यात अख्खी वाडी एकमेकांशी अबोल. बैठक बसली. साडेतीन तास चालली. आणि तिच्यात जो ठराव झाला तो मी आपल्याला वाचूनच दाखवतो, वही सोबत आणलीय. "चित्रपटाचे काम चालू असता, कॅमेऱ्यासमोर, लिहून दिलेल्या संवादापुरते जे बोलणे होईल ते बोलणे धरू नये. कट म्हटल्यावर पूर्वीप्रमाणे." हसू नका. तुमच्या शहरात याला तांत्रिक मार्ग म्हणतात.

अकरा दिवस शूटिंग चाललं. 'अॅक्शन' म्हटलं की आम्ही वहिनींशी भांडायचो, त्यांना समजवायचो, दटावायचो, आणि 'कट' म्हटलं की आम्ही गाववाले मान फिरवून चहाला. मुंबईच्या दोघा कलाकारांना हे फार भारी वाटलं. गाववाले भूमिकेतून बाहेरच येत नाहीत, केवढी ही निष्ठा, म्हणून तिसऱ्या दिवसापासून तेही कट झाल्यावर वहिनींशी बोलेनासे झाले.

मोडता घातला तो चिमाबाईंनी. त्यांना एकच वाक्य होतं. वहिनी सभामंडपाच्या पायरीवर येतात तेव्हा विचारायचं, "रंगू, जेवलीस काय गो?" बस. पहिल्या वेळी म्हणाल्या, छान म्हणाल्या, आणि मग विसरल्यासारखं करून पुढे विचारलं, गुडघा कसा हाय? दिशा कट म्हणाली नाही. दुसऱ्या वेळी कोपऱ्यावरच्या फणसाची चौकशी झाली. तिसऱ्या वेळी मुंबईच्या नातवाची. वहिनी उत्तरं देत होत्या, हळूहळू, शब्द जुळवत, बोलायची सवय गेलेल्या माणसासारख्या. त्या एका वाक्याचे चौदा टेक झाले. रावजीअण्णांनी हरकत घेतली की ठरावात लिहून दिलेले संवाद म्हटलंय आणि म्हातारी पदरचं बोलतेय. तर ही दिशा, बघा हं, दिसते साधी, तिनं तिथेच पायरीवर बसून गुडघा, फणस, नातू सगळं कागदावर उतरवलं आणि म्हणाली, "घ्या, लिहून दिलंय." दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचीच वाक्यं चुकायला लागली. जी माणसं ग्रामसभेत तासभर न अडखळता बोलतात ती वहिनींशी बोलताना हटकून चुकायची, म्हणजे परत घ्यावं लागे. चित्रपटात जो ओलावा दिसतो ना, ताई, तो तिथून आलाय.

आता माझं. आजचा सत्कार ज्याबद्दल आहे ते.

पटकथेत शेवटी वहिनी म्हणतात, "माझं नाय लिव." आणि सचिवानं म्हणायचं होतं, "लिहितो, वहिनी." दोन शब्द. खऱ्या बैठकीत ते कुणी म्हटले नव्हते, ते दिशाच्या मनातले होते. मी पाठ केले. अंगणात म्हणून बघितले. आणि कॅमेऱ्यासमोर माझ्या तोंडून फुटेनात. सतरा टेक झाले. सतरा वेळा ती बाई उभी राहिली, सतरा वेळा म्हणाली, माझं नाय लिव, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. सोळाव्या वेळी तर, मला वाटतं तिला माझी दया आली, तिनं ओठातल्या ओठात मला सांगितलं, "लिवतो म्हण ना." सतराव्या वेळी मी काय केलं ते तुम्ही सकाळी पाहिलंत. पेनाला टोपण लावलं आणि खिशाला अडकवलं.

दिशानं कट म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे चित्रपट एका महोत्सवात गेला, तिथल्या परीक्षकांनी लिहिलं की टोपण लावण्याची ती कृती म्हणजे हजार संवादांना भारी पडणारं मौन आहे, आणि मला सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस दिलं. ते घरी टीव्हीवर ठेवलंय. रोज बघतो. अहो, तो अभिनय नव्हता. मी अकरा वर्षांपूर्वी जे केलं तेच परत केलं, आणि यावेळी त्याला बक्षीस मिळालं. लोक विचारतात, त्या क्षणी मनात काय होतं? लाज होती. दुसरं काही नव्हतं. चिमाबाईंना बोलता आलं, कारण ते बोलणं धरलं जाणार नव्हतं. मला बोलता येईना तेही त्याचसाठी. न धरलं जाणारं एक वाक्य त्या बाईच्या तोंडावर फेकायचं आणि चहाला जायचं, हे मला जमलं नाही. पण धरलं जाईल असं बोलायची तरी हिंमत कुठे होती?

अकराव्या दिवशी शूटिंग संपलं. कट म्हटल्यावर पूर्वीप्रमाणे. चादरीवर चित्रपट दाखवला तेव्हा वाडीनं वहिनींच्या प्रत्येक वाक्याला टाळ्या दिल्या, आणि संपल्यावर त्यांच्या शेजारून मुकाट्यानं घरी गेली. त्याला दीड वर्ष झालं. आज सकाळी पोलादपूरहून आम्ही सगळे कलाकार एकाच जीपनं आलो. वाटेत वहिनी कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, वारा लागतोय. खिडकी माझ्या बाजूला होती. मला थंडी वाजल्यासारखं करून मी ती लावली. साठीला आलेला, बक्षीस मिळवलेला माणूस, खिडकी लावायला अभिनय करतो.

वैशाखात माझ्या सेजलचं लग्न आहे. आमच्यात पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी थोरल्या घराला. त्याशिवाय तिसरी निघत नाही. पत्रिका छापून तीन आठवडे झाले, देवाची एक सोडून बाकीचा गठ्ठा तसाच पडलाय. सेजल रोज विचारते, बाबा, वाटायला कधी सुरुवात करायची? मी गावकीला बोललो. गावकी म्हणाली, वहिनींनी नारळ ठेवावा, मग द्या. नाहीतर तुम्ही बोललात की तुमचंही बंद, मग मांडवाला कोण येणार? खरं आहे. आमच्याकडे मांडव गावकी घालते. भाड्यानं आणलेल्या मांडवात मुलगी उजवलेली आजवर कुणी पाहिली नाही.

म्हणून अध्यक्ष महोदय, आपली एक परवानगी हवी आहे. फोटो स्टुडिओचे चंदूशेठ मघापासून समोर कॅमेरा लावून उभे आहेत. चंदूशेठ, तो बंद करा. नाही, विनोद नाही, खरंच करा. तो लाल दिवा जाऊ द्या. मोबाईल ज्यांनी वर धरलेत त्यांनीही कृपया खाली ठेवावेत. रावजीअण्णा, तुम्ही उठून गेलात तरी चालेल, पण बसलात तर बरं, कारण ठराव तुम्हाला पाठ आहे. कॅमेऱ्यासमोरचं बोलणं धरत नाहीत. लिहून दिलेलं धरत नाहीत. हा कागद मी घडी करून खिशात ठेवला. आता जे बोलेन ते धरा.

वैनी.

वैनी, चुकलं गो माजं. तुजं काय नाय चुकलं. तू नाय म्हटलंस, ते म्या ऐकलं, आनि लिवलं नाय. दादा असता तर त्यानं मला जाजमावरनं उठवला असता. अकरा वर्सं तुज्या घरावरनं गेलो आनि मान खाली घातली. म्हस मेली तेव्हा तू ओटीवर एकटी बसली व्हतीस, ते म्या वरनं बघितलं, पन खाली नाय उतरलो.

हा नारळ. शालीबरोबर वाचनालयानं दिलाय तो नाही, हा माझ्या परसातला आहे, सकाळपासून पिशवीत घेऊन फिरतोय. चुकलेल्या माणसानं ठेवायचा असतो. इथे जाजम नाही, म्हणून तुझ्या पायाशी सतरंजीवर ठेवतो.

काय? मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. वहिनी म्हणतायत, नारळ राहू दे, वहीत काय लिवलंस ते आधी वाच.

बरोबर आहे. माझ्या नुसत्या बोलण्यावर विसंबून कसं चालेल? वाचतो. त्याच जुन्या पानावर, समासात, आजची तारीख घालून लिहिलंय. "पाइपाच्या ठरावास श्रीमती रंगूबाई रामजी सकपाळ यांनी बैठकीत नाही म्हटले होते. ते सचिवाने लिहिले नाही. ठराव सर्वानुमते झालेला नाही." खाली सचिवाची सही आहे, आणि तिच्या शेजारी एका सहीची जागा सोडलीय.

अध्यक्ष महोदय, आठ मिनिटांची पंचवीस झाली, आणि आपण एकदाही घंटी वाजवली नाहीत, याबद्दल आभार. माधुरीताई, दिशा, सगळ्या रसिकांनो, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं मोठ्या मनानं पदरात घ्यावं. न बोलण्यात जे झालं ते मात्र सभागृहानं माफ करू नये. तो अधिकार एकटीचा आहे आणि तिला त्यासाठी कुणाचं अनुमत लागत नाही. वैनी, पत्रिका घेऊन उद्या खालच्या आळीत येतो. दार उघडायचं की नाय, ते तू ठरव.

आणि ही घे वही, हे पेन. टोपण मी घरी ठेवून आलोय.